फायलींत काय आहे हे न विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. घरात सगळे वापरतात त्या कॉम्प्युटरवर माझं एक खासगी फोल्डर होतं, ते इतरांपासून जपायला मला मदत हवी होती. अशी मदत हवी असलेली माणसं पुष्कळ असतील, पण ती कुणाकडे मागायला जात नाहीत. मागितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘घरच्यांपासून काय लपवायचंय तुला?’ तुम्ही हा प्रश्न विचारला नाहीत. सगळ्यात आधी त्याबद्दल आभार.

त्या फोल्डरमध्ये काय होतं ते आज मी आपण होऊन सांगते. समुपदेशकांकडे जायला लागल्यापासून लिहिलेल्या नोंदी, माझ्या तपासण्यांचे अहवाल, आणि एका मैत्रिणीनं तिच्या फार वाईट काळात मला पाठवलेली पत्रं. माझ्या नोंदी घरात कुणी वाचल्या असत्या तर मला त्रास झाला असता, पण बोलून निभावलं असतं. पत्रांचं तसं नव्हतं. तिनं ते सगळं मला सांगितलं होतं, माझ्या घराला नाही. ती पत्रं घरातल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर पडून आहेत याचं ओझं मला रोज जाणवायचं.

तुम्ही विचारलंत ते वेगळंच. “कोणापासून जपायचंय? मुलांनी चुकून उघडू नये एवढंच, की कुणी मुद्दाम शोधलं तरी मिळू नये? आणि कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला तर?” तिन्हींची उत्तरं वेगळी असतात हे मला तेव्हा कळलं. ‘फोल्डर हिडन करून टाक’ हा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला होता. तुम्ही माझ्यासमोर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये एका ठिकाणी खूण केलीत आणि लपवलेलं सगळं फिकट अक्षरांत समोर आलं. पहिल्या प्रश्नापुरतंच त्याचं काम, तेही मुलं लहान आहेत तोवर.

मग तुम्ही घरातल्या सगळ्यांना बोलावून घेतलंत, आणि मला वाटतं खरी मदत इथे सुरू झाली. आमच्याकडे सगळे एकाच अकाउंटवर काम करायचे आणि तेच अकाउंट ॲडमिनचं, म्हणजे कॉम्प्युटरवरचे सगळे अधिकार असलेलं, होतं. तुम्ही प्रत्येकाचं वेगळं युजर अकाउंट करून दिलंत, साधं, ॲडमिनचे अधिकार नसलेलं. प्रत्येकाचा पासवर्ड ज्याचा त्यानं टाकला. ॲडमिनचं अकाउंट वेगळं ठेवून ते फक्त नवं सॉफ्टवेअर टाकायला वापरायचं ठरलं. माझ्यासाठी चोरून काही करून दिलं असतंत तर घरात संशय तेवढा शिल्लक राहिला असता. तसं झालं नाही. सासूबाईंना त्यांची बँकेची कागदपत्रं वेगळी ठेवायचीच होती, आजवर बोलल्या नव्हत्या. मुलगी तर सगळ्यांत आधी पासवर्ड टाकून मोकळी झाली. माझी म्हणून एक बंद जागा आहे हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं. तुम्ही थांबला नाहीत. विंडोजमध्ये एक साधा युजर दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरू शकत नाही हे खरं, पण ॲडमिनला परवानगी नाही असा संदेश आला तरी खालचं ‘कंटिन्यू’ दाबून आत जाता येतं, हे तुम्ही करून दाखवलंत. आणि डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तर या परवानग्यांना काही अर्थच उरत नाही. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचताच येणार नाही अशा रूपात फाइल ठेवल्याशिवाय, उत्तर नाही. विंडोजमध्ये फाइल एन्क्रिप्ट करायची सोय आहे, पण होम आवृत्तीत ती मिळत नाही, आणि आमची होमच. म्हणून व्हेराक्रिप्ट, हेच काम करणारं वेगळं सॉफ्टवेअर. आधी मला कुणीतरी ट्रूक्रिप्ट हे त्याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर सुचवलं होतं. त्याचं काम 2014 मध्येच थांबलं आहे, ते आता नव्यानं घेऊ नका, हेही तुम्हीच सांगितलंत.

व्हेराक्रिप्टमध्ये एक मोठी फाइल तयार होते. पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते, बंद केली की आत काय आहे ते कुणालाच वाचता येत नाही, ॲडमिनलासुद्धा नाही. तुम्ही आधी रिकामी फाइल करून त्यात एक खोटी चिठ्ठी ठेवायला लावलीत, आणि उघडबंद करण्याचा हात बसल्यावरच खऱ्या फायलींकडे वळू दिलंत. एक गोष्ट पुन्हापुन्हा बजावलीत, ती इथे सगळ्यांसाठी लिहिते. ड्राइव्ह उघडा असताना नुसता स्क्रीन लॉक करून उठायचं नाही. त्याच वेळी दुसरं कुणी आपल्या अकाउंटनं आत आलं तर तो ड्राइव्ह त्यालाही दिसू शकतो. उठताना आधी ड्राइव्ह बंद, मग लॉक.

पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तुम्ही खुर्ची फिरवून पाठ करून बसलात. फायली आत हलवतानाही तुम्ही खोलीबाहेर गेलात, मी हाक मारल्यावर आलात. एवढं शिकवणारी माणसं मिळतात. आपण काय पाहायचं नाही हे न सांगता ओळखणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

सगळ्यात अवघड भाग तुम्ही शेवटी काढलात. “हा पासवर्ड विसरलात तर परत मिळवायचा मार्ग नाही. आणि अचानक तुम्हीच आजारी पडलात तर?” मी याचा विचारच केला नव्हता. अहवाल तर अशा वेळी घरच्यांना लागणारच. त्यावर तुम्ही एकाऐवजी दोन फायली करायला सांगितल्यात. एकीत अहवाल, तिचा पासवर्ड बंद पाकिटात, आणि पाकीट कुठे आहे ते यांना ठाऊक आहे. दुसरीत नोंदी आणि पत्रं. तिचा पासवर्ड फक्त माझ्याकडे, ती माझ्यानंतर कुणी उघडू नये. काय कुणाला आणि केव्हा कळावं हे असं वेगवेगळं ठरवता येतं, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं. दोन्ही फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवरही आहे, कारण मूळ फाइल बिघडली तर आतलं सगळंच जाईल.

नंतरची साफसफाई कंटाळवाणी होती, पण ती तुम्ही सोडली नाहीत. ईमेलमधून उतरवलेल्या अहवालांच्या प्रती जुन्या अकाउंटच्या डाउनलोड्समध्ये निघाल्या. वर्डच्या ‘अलीकडच्या फायली’त पत्रांची नावं तशीच होती. ब्राउझर इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे काय पाहिलं त्याची नोंद न ठेवणाऱ्या खिडकीत, असला तरी उतरवलेली फाइल डिस्कवर राहते, आणि ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल म्हणजे कुलूप नव्हे, एका क्लिकवर कुणीही त्यात जातं. हेही त्याच ओघात कळलं. माझ्या बहिणीकडे मॅक आहे. त्यातल्या डिस्क युटिलिटीत पासवर्डची एन्क्रिप्टेड इमेज, म्हणजे अशीच एक बंद फाइल, करता येते एवढं तुम्ही फोनवर सांगितलंत आणि तिचं तेवढ्यावर भागलं.

मैत्रिणीला मी हे सगळं कळवलं. तिची पत्रं माझ्याकडे आहेत हे तिला माहीत होतं, कशी ठेवली आहेत हे माहीत नव्हतं. तिनं काही पत्रं काढून टाकायला सांगितली, बाकीची तुझ्याकडेच राहू दे म्हणाली. तिनं तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

आता एक काम उरलं आहे. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप त्याच कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये येऊन पडतात. ते प्रत्येकाच्या अकाउंटमध्ये वेगळे कसे न्यायचे, ते पुढच्या भेटीत विचारीन. तोवर पुन्हा एकदा, मनापासून आभार.

तुमची,
एक कृतज्ञ मैत्रीण