कर्कटकाने भाव मोजता येत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परकीय चलनांच्या आलेखांवर 'फिबोनाची' साधने (घसरता भाव कुठे थांबेल, याचा अंदाज घेण्यासाठी काढायच्या रेषा आणि कंस) कशी वापरावीत, याविषयी आपल्या अर्थविषयक पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात ३८.२, ५० आणि ६१.८ टक्क्यांच्या आडव्या रिट्रेसमेंट रेषा आणि त्याच टक्केवारीचे गोल कंस, म्हणजे 'आर्क', यांना एकाच पंक्तीत बसवले आहे. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाला हे खटकले, म्हणून हा पत्रप्रपंच.

आडव्या रेषांबद्दल माझी तक्रार थोडी आहे. नीचांक आणि उच्चांक यांतील अंतराचा अमुक हिस्सा भाव खाली आला, एवढेच त्या सांगतात, आणि त्यासाठी फक्त रुपये किंवा डॉलर मोजावे लागतात. (५० टक्के हे गुणोत्तर १, १, २, ३, ५, ८ अशा, प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असलेल्या फिबोनाची श्रेणीतून आलेलेच नाही, ते सवयीने तिथे बसले आहे, हे लेखात सांगायला हवे होते.) कंसाचे मात्र तसे नाही. नीचांकापासून उच्चांकापर्यंत तिरकी रेषा ओढायची, तिच्या लांबीच्या ३८.२ टक्के त्रिज्या घ्यायची आणि उच्चांकावर कर्कटक टेकवून कंस काढायचा, अशी ती कृती आहे. आता ही तिरकी लांबी म्हणजे काय? पायथागोरसच्या प्रमेयाने ती काढायची, तर भावाचा वर्ग आणि दिवसांचा वर्ग यांची बेरीज करावी लागेल. तीन सेंट आणि चार दिवस यांचा कर्ण पाच कशाचा, हे सातवी-आठवीचा विद्यार्थीही विचारील.

खात्री करून घेण्यासाठी मी युरो-डॉलरचा आलेख दोन कागदांवर काढला. युरो २८ सप्टेंबर २०२२ रोजी सुमारे ०.९५३५ डॉलरपर्यंत घसरला होता आणि जुलै २०२३ च्या मध्यास सुमारे १.१२७५ पर्यंत चढला. मध्ये ४२ आठवडे गेले. दोन्ही कागदांवर एका सेंटिमीटरला एक सेंट धरला, पण पहिल्यावर सेंटिमीटरला दोन आठवडे आणि दुसऱ्यावर चार आठवडे घेतले. ३८.२ टक्क्यांच्या कंसाची त्रिज्या पहिल्या कागदावर १०.४ सेंटिमीटर आली, दुसऱ्यावर ७.८. उच्चांकानंतर ११ आठवड्यांनी, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभी, पहिला कंस १.०३९ च्या आसपास होता आणि दुसरा १.०५५ च्या. प्रत्यक्षात त्या सुमारास युरो १.०४४८ पर्यंत उतरून वळला. म्हणजे पहिल्या कागदाप्रमाणे आधाराला, म्हणजे घसरण जिथे थांबावी त्या कंसाला, भावाने स्पर्शही केला नाही आणि दुसऱ्याप्रमाणे तोच आधार तुटला. आकडे तेच, तारखा त्याच; बदलली ती फक्त कागदाची मापे. मोबाइल उभ्याचा आडवा केला, की पडद्यावर नेमके हेच घडू शकते.

'सगळेच त्या रेषेकडे पाहतात, म्हणून ती चालते' हा या साधनांच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद आडव्या रेषांना कदाचित लागू पडेल, कारण ती किंमत सर्वांना एकच दिसते. पण ज्याच्या त्याच्या पडद्यावर कंस वेगळा पडत असेल, तर सगळे नेमके कशाकडे पाहतात? 'फॅन'च्या, म्हणजे एकाच बिंदूतून पंख्यासारख्या काढलेल्या, सरळ रेषांना निदान हा दोष नाही, कारण आलेख एका दिशेने ताणला तरी त्या त्याच तारखेला त्याच भावावरून जातात. अर्थात भावाचा अक्ष लॉगरिदमिक (समान अंतराला समान टक्केवारी दाखवणारा) केला, की तेही उरत नाही.

ज्या पिसाच्या लिओनार्दोच्या, म्हणजेच फिबोनाचीच्या, नावावर हे सारे चालते, त्याने १२०२ च्या आपल्या ग्रंथात सशांच्या जोड्यांप्रमाणेच नाण्यांच्या अदलाबदलीचीही उदाहरणे सोडवली आहेत. ती मात्र साध्या त्रैराशिकाची आहेत.

यापुढे आपण असे कंस काढलेले आलेख छापाल, तेव्हा एका सेंटिमीटरला किती दिवस आणि किती पैसे धरले आहेत, तसेच बाजार बंद असलेल्या शनिवार-रविवारची जागा रिकामी सोडली आहे की गाळली आहे, हे आलेखाखाली अवश्य द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा