तंबोरा ऐकणाऱ्यांना हे परके का वाटावे?

महोदय,

ध्वनिमुद्रणाच्या फितीचे वेढे करून रचलेल्या अँबियंट (वातावरणासारखे भोवती पसरून राहणाऱ्या) संगीताला ‘लिफ्टमधले संगीत’ म्हणून मोडीत काढण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला अन्यायाची वाटते. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्ये विमानतळासाठी केलेल्या रचनेत वेगवेगळ्या लांबीच्या फितींची टोके जोडून त्या फिरत ठेवल्या; एक सूर सुमारे साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा त्याहून थोडा उशिरा, त्यामुळे सूर तेच राहूनही त्यांची गाठ दर वेळी निराळी पडते. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने दहा सेकंदांच्या वेढ्यालाही सव्वासहा फूट फीत लागते, म्हणून त्या चक्क खुर्च्यांच्या पायांभोवती फिरवल्या गेल्या. अमेरिकी संगीतकार विल्यम बसिन्स्की २००१ मध्ये आपल्या जुन्या फिती डिजिटल स्वरूपात उतरवत असताना त्यांवरचा चुंबकीय थर झडू लागला, आणि ते झडणेच रचना ठरली.

मी हे पहाटे, पीएमटीच्या बस (आता पीएमपी म्हणायचे, पण जीभ वळत नाही) सुरू होण्याआधी, आवाज अगदी बारीक ठेवून ऐकतो. पहिली दहाएक मिनिटे कंटाळा येतो, हे कबूल. मग जव्हारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेला झणत्कार) नीट लागलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार उमटावा, तसे कोणी न वाजवलेले काहीतरी कानी पडते.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एखाद्या जाणकाराकडून यावर सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे