काकूंचं रिटर्न, आणि तुमचं

ती. आई-बाबांस,
सा. न.

काकूंच्या आयकर रिटर्नचं काम एकदाचं संपलं. बाबा, फोनवर हा विषय काढला की तुम्ही लगेच हवापाण्यावर जाता, म्हणून लिहितेय.

काका गेले त्या वर्षाची दोन रिटर्न भरावी लागली. एक काकांचं, १ एप्रिलपासून ते गेले त्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं. ते काकूंनी वारस म्हणून भरलं. दुसरं काकूंचं स्वतःचं. दादा म्हणत होता, काकांच्या मोबाइलवर ओटीपी येतोय, त्यांच्याच लॉगिनने उरकून टाकू. मी साफ नाही म्हटलं. पोर्टलवर वारस म्हणून रीतसर नोंदणी होते. मृत्यू दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणून बँकेने नॉमिनीचं नाव घालून दिलेलं पत्रही चालतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

खरा वैताग ठेवींचा. बँकेला कळवायला उशीर झाला (त्या दिवसांत कुणाला सुचतंय!), त्यामुळे काका गेल्यानंतरचं व्याज आणि टीडीएस त्यांच्याच पॅनवर दिसत राहिला. व्याज काकूंचं, कापलेला कर काकांच्या नावावर! ते बँकेकडून दुरुस्त करून घेता घेता सीएसुद्धा टेकीला आले. काकांचा पॅन मात्र आम्ही अजून रद्द केलेला नाही. आधी परतावा येऊ दे.

काकूंना धास्ती होती विम्याच्या पैशांची. आयुर्विम्याची ती रक्कम करमुक्त निघाली. वारसाहक्काने आलेल्या मालमत्तेवरही आपल्याकडे कर नाही, तो १९८५ सालीच गेला. फॅमिली पेन्शनवर आहे, पण नव्या करप्रणालीत तिचा एक तृतीयांश भाग किंवा २५,००० रुपये, यांतलं जे कमी ते वजा होतं. आणि काकांचा काही कर थकला असता, तरी तो त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरताच. काकूंच्या बांगड्यांना कुणी हात लावणार नव्हतं.

बाबा, "सगळं डायरीत आहे" हे मला पाठ आहे. डायरीत ठेवींचे नंबर आहेत. त्यांना नॉमिनी कोण, ते कुठे लिहिलंय? एकट्या तुमच्या नावावरच्या जुन्या ठेवी या आठवड्यात काढून बघा.

आई, तुला वेगळं सांगायचंय. काकू इतकी वर्षं रिटर्न भरतात, पण त्यांच्या खात्याचा मोबाइल नंबर काकांचा, ईमेल काकांचा, पासवर्ड काकांना पाठ. तुझंही तसंच आहे ना? आधी नंबर बदलून घे. यंदा ३१ जुलैच्या आत तुझं रिटर्न तू भरायचंस, बाबा नुसते शेजारी बसतील. आणि मध्ये माउस ओढून घेणार नाहीत. जमेल ना, बाबा?

तुमची लेक