संगीत जाहिरातीत, साथ पेनड्राइव्हमध्ये

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन जवळ आला की संगीत नाटकाला प्रेक्षक उरला नाही, असा सूर दरवर्षी लागतो. मुंबईपुरता तरी तो बेसूर आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात २०२३ पासून परदेशी म्युझिकल्स येत आहेत. मार्च २०२५ मध्ये ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ तिथल्या दोन हजार आसनांच्या थिएटरात आले. मराठीत २०१७ साली आलेल्या ‘संगीत देवबाभळी’त आवली आणि लखुबाई अशी दोनच पात्रे, तरी प्रेक्षकांनी ते नाटक उचलून धरले. रंगमंचावर कुणी गाऊन गोष्ट सांगितली तर ऐकायला माणूस येतो. जुन्या संगीत नाटकांच्या पुनरुज्जीवित प्रयोगांना आणि नव्या ‘म्युझिकल’ म्हणवणाऱ्या नाटकांना तो एकदा येऊन पुन्हा का फिरकत नाही, याचे कारण संहितेत शोधण्याआधी ध्वनिकक्षात डोकावायला हवे.

परदेशी म्युझिकल एका थिएटरात उतरले की तिथे मुक्कामालाच असते. माइक, स्पीकर, दिवे एकदा नीट लागले की पुढे रोजची डागडुजी. आपले नाटक शनिवारी दुपारी पार्ल्याला, रात्री बोरिवलीला, रविवारी ठाण्याला, बिऱ्हाड टेम्पोत. दुपारी चारचे नाटक सातला सुटते आणि साडेआठला पुढच्याची तिसरी घंटा. मधल्या दीड तासात आधीच्यांचा सेट उतरायचा, आपला चढायचा, दिवे फोकस करायचे. ध्वनीच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटे येतात आणि तीही ‘हॅलो, वन टू थ्री’ करण्यात जातात. गद्य नाटक त्यात निभावून जाते. संगीत नाटकात ऑर्गन, तबला, गाणारी तीन-चार नटमंडळी, प्रत्येकाच्या आवाजाची जात निराळी, आणि सभागृहही रोज निराळे.

यात नेमके काय बिघडते ते आकड्यांत सांगतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मागची भिंत रंगमंचापासून २५ मीटरवर असेल तर तिच्यावर आपटून परत यायला ५० मीटर, म्हणजे सेकंदाचा सातवा भाग लागतो. तयारीचा गायक द्रुत तानेत सेकंदाला आठ स्वर घेतो. म्हणजे एक स्वर भिंतीवरून परत येईपर्यंत गळ्यातून पुढचा निघालेला असतो आणि हा त्याच्या अंगावर जाऊन पडतो. पुढच्या रांगांत तानेचा चिखल ऐकू येतो. प्रेक्षक म्हणतो, हल्लीच्या मुलांची तान दाणेदार नाही. दाणा गळ्यात असतो. तो भिंतीने खाल्लेला असतो. यावरचा उपाय फुकट आहे. स्पीकरचे तोंड मागच्या भिंतीकडे न ठेवता खाली, खुर्च्यांकडे वळवायचे आणि आवाज वाढवायचा मोह टाळायचा.

मोह होतो, कारण रिकाम्या सभागृहात लावलेली पातळी भरलेल्या सभागृहात कमी पडते. माणसे आणि त्यांचे कपडे आवाज पितात. नांदी सुरू झाली की ऑपरेटरच्या हे लक्षात येते आणि तो मास्टर (सगळ्या माइकचा एकत्र आवाज वाढवणारी पट्टी) वर ढकलतो. सगळे उघडे माइक एकदम चढतात आणि शिट्टी वाजते. मग घाबरून ट्रेबल कापला जातो. शिट्टी बंद होते, पण गाणे घोंगडीखाली जाते आणि आधी जातात ते च, छ, स, श. नाट्यपदात शब्द गेला म्हणजे निम्मे नाटक गेले. ती काही मैफल नव्हे. खरे तर शिट्टी ज्या पट्टीत वाजते तेवढाच खटका ग्राफिक इक्वलायझरवर (प्रत्येक पट्टीचा आवाज वेगळा कमी-जास्त करणारे यंत्र) तीन-चार डेसिबल खाली घ्यायचा आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. कोणता खटका, हे शोधायला रिकाम्या वेळेची वीस मिनिटे लागतात. ती मिळत नाहीत, हेच तर गाऱ्हाणे आहे.

‘आमच्या काळी माइक कुठे होते?’ असे म्हणणारे ज्येष्ठ लगेच ८ जुलै १९२१ चे ‘संयुक्त मानापमान’ काढतात. बालगंधर्व आणि केशवराव भोसले माइकशिवाय गायले, हे खरेच. पण तेव्हा वातानुकूलन यंत्राची घरघर नव्हती आणि प्रेक्षकांच्या कानांना दिवसभर इअरफोनची सवयही नव्हती. माइक राहणार. प्रश्न तो कुठे आणि कसा लावायचा, एवढाच.

रंगमंचाच्या कडेला ठेवलेले फ्लोअर माइक पावलांचा धपधपाट आधी पकडतात आणि आवाज नंतर. वर टांगलेले माइक वातानुकूलनाची घरघर ऐकवतात. म्हणून आता गाणाऱ्यांना अंगावरचे कॉर्डलेस माइक लावतात, आणि ते योग्यच आहे. मात्र गळ्याशी लावलेला माइक तन्मणी आणि मोहनमाळेचा खणखणाट गोळा करतो. गाताना मान वळली की आवाज निम्म्यावर येतो. तो कपाळाच्या वर, केसांच्या रेषेत, वैद्यकीय चिकटपट्टीने बसवायचा. तार मानेमागून पाठीवर आणि ट्रान्समीटरची पेटी कमरेला, नऊवारीच्या ओच्यात नव्हे तर वेगळ्या पट्ट्यात. फेटा किंवा मुकुट असेल तर आधी तो बांधायचा, मग माइक. क्रम उलटला की कापड माइकवर घासते आणि सबंध अंकभर खरखर ऐकावी लागते. घामाचा थेंब छिद्रात गेला की आवाज एकदम बुजतो, म्हणून मध्यंतरात टिपून घेणे आणि शंका असेल तर सेल बदलणे आलेच. पन्नास-साठ रुपयांच्या सेलसाठी भर पदात आवाज गेलेला परवडत नाही.

याहून बारीक दोष युगुलगीतात दिसतो. नायक-नायिका जवळ आले की दोघांचे माइक दोघांचेही आवाज पकडतात, एक जरा आधी, एक जरा नंतर. दोन्ही मिसळले की आवाज पिंपात बसून गाल्यासारखा पोकळ येतो. एकाचा माइक खाली घेतला की दोष जातो. पण कुणाचा, कोणत्या ओळीला, हे संहिता पाठ असलेल्यालाच कळणार. सभागृहाचा ऑपरेटर नाटक पहिल्यांदाच पाहत असतो. निर्मात्याने स्वतःचा, तालमींना बसलेला माणूस मिक्सरवर बसवावा. नेपथ्यावरचा एक खांब कमी केला तर त्याची नाइट, म्हणजे प्रयोगाचे मानधन, निघते.

आता साथीकडे वळू. ऑर्गन पायाने भाता मारून वाजतो, दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून तो गद्य चालू असतानाच हळूच सूर धरू शकतो. पदाच्या आधीच्या वाक्यावर तो सूर कानात पडला की नट बोलण्यातून गाण्यात सरकतो; मध्ये सांधा दिसत नाही. ऑर्गनचे सूर रीडवर बांधलेले, ते कुणासाठी हलत नाहीत. तबल्यानेच ऑर्गनकडे यायचे असते आणि मुंबईच्या हवेत ते सोपे नाही. ओलाव्याने पुडी (तबल्यावरचे कातडे) सैल होते, तबला उतरतो. कोरड्या हवेत ती ताणते, तबला चढतो. आपल्याकडे वातानुकूलन बहुधा प्रेक्षक आत घ्यायच्या वेळी सुरू होते. दमट सभागृहात पावणेआठला मिळवलेला तबला पहिल्या अंकाच्या अखेरीस चढलेला असतो आणि गाणारा दोन सुरांच्या मधे अडकतो. निदान अर्धा तास आधी यंत्र चालू करून तबला तिथेच उघडा ठेवावा, सूर मिळवायचे गट्टे त्यानंतर ठोकावेत. पुरुष काळी एकमध्ये आणि नायिका पांढरी पाचमध्ये गाणार असेल तर दोन तबले हवेतच. एकाच तबल्यावर दोन्ही पट्ट्या ओढणारे प्रयोग चालू आहेत, आणि कान असलेल्याला ते लपत नाही.

सगळ्यात मोठी तक्रार ट्रॅकची, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या साथीची. जाहिरातीत ‘संगीत’ हा शब्द नाटकाच्या नावाच्या वर छापायचा आणि साथ पेनड्राइव्हमधून सोडायची, हा प्रकार वाढतो आहे. काही ठिकाणी ट्रॅकच्या जोडीला ऑर्गन शोभेपुरता वाजतो. एखादा सूर ट्रॅकमध्ये ४४० हर्ट्झवर बांधलेला आणि तोच जुन्या ऑर्गनवर ४३६ वर उतरलेला असेल तर दोन्ही मिळून सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण कान अस्वस्थ होतो. शिवाय ट्रॅकची लांबी ठरलेली. आवाज लागलेला असेल त्या दिवशी दोन आवर्तने जास्त घेता येत नाहीत, घसा बसला असेल त्या दिवशी कमी करता येत नाहीत. नट एक वाक्य विसरला तर ट्रॅक त्याच्या बोलण्यावरच सुरू होतो. साथीदार थांबला असता. ‘वन्स मोअर’ आला तर काय करायचे? बटण पुन्हा दाबायचे?

पुढची पायरी आणखी वाईट. गाण्याचा आवाजही आधी रेकॉर्ड केलेला आणि नट ओठ हलवतो. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत पदे सूत्रधार गायचा. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ उभे राहिले आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. आपल्या संगीत नाटकाचे वेगळेपण तिथून सुरू झाले. आज गाणारा कुठल्या तरी स्टुडिओत आणि पात्र समोर हातवारे करते आहे. किर्लोस्करांच्या मागे गेलो की आपण! भाव्यांचा सूत्रधार निदान रंगमंचावर हजर असे.

जुन्या नाटकांना लावलेल्या कात्रीबद्दल तक्रार नाही. रात्रभर चालणारी नाटके आता कुणी करू नयेत. साडेअकराच्या पुढे प्रेक्षकाचे अर्धे लक्ष शेवटच्या कर्जत लोकलकडे असते. पण कात्री चालते ती चुकीच्या जागी. आधी साकी, दिंडी, कामदा अशा छोट्या वृत्तांतली पदे कापतात, कारण त्यांना टाळ्या नसतात. वास्तविक ही अर्ध्या-पाऊण मिनिटाची पदे कथानक पुढे नेतात. ती गेली की ‘सौभद्र’ म्हणजे लोकप्रिय पदांचा कार्यक्रम होतो आणि मधले गद्य निवेदनासारखे वाटते. त्याऐवजी दहा मिनिटे चाललेले पद पाच मिनिटांवर आणावे. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये ‘घेई छंद’ हेच शब्द पंडित भानुशंकर एका चालीत गातात आणि खाँसाहेब दुसऱ्या. दोन घराण्यांचे भांडण संवादात जेवढे आहे त्याहून जास्त या दोन चालींत आहे. वेळ नाही म्हणून यातली एक गाळली तर उरलेली कितीही रंगू दे, नाटकातला झगडा लंगडा होतो. पद गाळण्याआधी ते काय काम करते हे बघावे, टाळ्या किती घेते हे नव्हे.

नव्या म्युझिकल नाटकांचा बहुधा उलटा दोष. पाच गाणी, पाच नाच आणि गाणे सुरू झाले की गोष्ट थांबते. गाण्याआधी पात्र ज्या जागी होते, गाण्यानंतरही तिथेच. असे गाणे काढून टाकले तरी संहितेत भोक पडत नाही. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये भास्कर चंदावरकरांनी अभंग, कीर्तन, लावणी यांचे जे मिश्रण केले त्यातले काही काढून बघा, प्रसंगच कोसळतो. २०१२ च्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’त शाहिरी गाणी थेट वादाच्या मैदानात उतरतात. ती ऐकायला कोणाला रागदारी कळावी लागली नाही. आपल्या मातीतली ही उदाहरणे असताना नव्या मंडळींनी ब्रॉडवेचे नाच गिरवण्यात तालमी घालवाव्यात, हे कोडे आहे. नाच वाईट नाहीत. पण नाचून धाप लागलेल्या नटाला लगेच लांब सूर लावायला देणारा दिग्दर्शक गाणे कधी गायलेला नसतो.

मागण्या तीनच. मुंबई-ठाण्याच्या नाट्यगृहांनी संगीत नाटकाच्या प्रयोगाला आधीचा एक तास ध्वनिचाचणीसाठी, अर्ध्या भाड्यात का होईना, द्यावा; निदान महिन्यातल्या दोन शनिवारी तरी त्याआधी दुपारचे नाटक लावू नये. निर्मात्यांनी जाहिरातीत ‘थेट साथ’ की ‘ध्वनिमुद्रित साथ’ हे छापावे आणि थेट असेल तर ऑर्गन व तबलावादकांची नावे नटांच्या खालोखाल घ्यावीत. आणि आपल्या दैनिकातल्या नाट्यसमीक्षकांनी परीक्षणाच्या शेवटच्या ओळीत ‘संगीत श्रवणीय’ एवढेच न लिहिता, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचले का, तबला मिळालेला होता का, कोणती पदे गाळली, हे लिहावे. त्यासाठी पास कृपया पहिल्या रांगेचा घेऊ नये. दोन अंक दोन जागी बसून ऐकावेत, एक पुढे आणि एक बाल्कनीत.

आपला,
एक संगीत नाट्यप्रेमी,
दादर, मुंबई