सहावा मसुदा

सावंतवाडी,
20 ऑगस्ट 2024

प्रिय सुहास,
स. न.

वायनाडनंतर तरी सरकार हलेल का, असं तू विचारलंस. हललंय, पण कागदावर. तिथे 30 जुलैला दरड कोसळली आणि घाटाचा मोठा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणारी, 31 तारखेची पश्चिम घाटाची मसुदा अधिसूचना निघाली. 2014 पासूनची ही सहावी! मसुदा काढायचा, हरकती मागवायच्या, मुदत संपू द्यायची, की पुन्हा नवा.

मला खरा संताप येतो तो, घाट कसा राखायचा हे सांगणाऱ्या माधव गाडगीळ समितीच्या अहवालाचं सरकारने जे केलं त्याचा. ऑगस्ट 2011 मध्ये तो मंत्रालयाला मिळाला. माहिती अधिकारात भांडून, कोर्टाची पायरी चढून लोकांपुढे आला तो मे 2012 मध्ये. हद्दी आणि नियम ग्रामसभांशी बोलून ठरवा, असं त्यातच लिहिलेलं. पण मूळ अहवाल इंग्रजीत, तोही दडवलेला. मग गावात पोचणार काय? अफवा. परवा आमच्या ग्रामसभेत एक आजोबा उठले आणि म्हणाले, "गोठ्यार पत्रे घालूचे झाले तर दिल्लीची परवानगी लागतली काय?" पुढे बसलेल्या पुढाऱ्यांपैकी कुणीही "नाही" म्हटलं नाही. नव्या खाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज प्रकल्प, 20,000 चौरस मीटर वा त्याहून मोठी बांधकामं यांवर मसुद्यात बंदी आहे, गोठ्यावर नाही. पण आजोबांची भीती पुढाऱ्यांच्या सोयीची आहे. तिच्या आडून खाणी वाचतात.

लोकांनाच घाट राखायला नको आहे, हे मला पटत नाही. सिंधुदुर्गातल्या 25 ग्रामसभांनी आपणहून ठराव केले होते, आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या म्हणून. तरी गाडगीळांनंतर सरकारने नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीच्या यादीतून अख्खा दोडामार्ग तालुका गळला. शेवटी यंदा मार्चमध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली 25 गावं संवेदनशील म्हणून जाहीर करा. मागणाऱ्यांना मिळत नाही आणि न मागणाऱ्यांना कुणी समजावत नाही. डंपर-जेसीबीवाल्यांची मतं एकगठ्ठा पडतात, निवडणुकीचा खर्चही तेच उचलतात. झऱ्याचं पाणी पिणारे मात्र वाड्यावाड्यांत पांगलेले.

म्हणून तुझ्याकडे काम आहे. हरकती-सूचनांना 60 दिवस दिलेत, त्यातले वीस तर गेलेच. तू वकील आहेस. त्या मसुद्याचं दोन पानांत सोपं मराठी करून दे. काय बंद, काय चालू, एवढंच. मी प्रती काढून वाडीवाडीत वाटतो. गणपतीत चाकरमानी गावी येतील, तेव्हा सगळे एकत्र भेटतील. त्याआधी पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिनेश