पीएचडीची वर्षे नोंदी जुळवण्यातच जातात: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

माननीय मंत्रिमहोदय, सादर नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात आरोग्याच्या डेटावर पीएचडी करणाऱ्या मुलामुलींची वाट कुठे अडते, हे आपल्या कानावर घालण्यासाठी हे पत्र. संगणक किंवा गणित यांपाशी ती अडत नाही. नोंदी हाती येणे आणि त्या एकमेकींशी जुळणे, यातच वर्षे जातात.

सासर निपाणी, माहेर कागल अशी गर्भवती घ्या. नोंदणी, थायी कार्ड (गर्भवतीच्या तपासण्यांचे सरकारी कार्ड), रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळे कर्नाटकात. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे महाराष्ट्रात. इकडे प्रसूतीचा रकाना रिकामा राहतो. संशोधकाने अशा ओळी गाळल्या तर सीमा न ओलांडणाऱ्या बायकाच अभ्यासात उरतात. रिकामा रकाना म्हणजे 'गुंतागुंत नाही' असे धरले तर त्याहून वाईट. प्रकृती बिघडल्यावर मिरजेला किंवा कोल्हापूरला हलवलेली बाईही त्याच रिकाम्या रकान्यात असते, आणि या नोंदींवरून धोक्याचा अंदाज बांधणारे संगणकी मॉडेल नेमका तिचाच धोका कमी दाखवते. चंदगड, गडहिंग्लजहून बेळगावच्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांचे उलट होते: उपचार इकडे, पुढची तपासणी तिकडे.

नोंदी जुळवायच्या तर नावांवर यावे लागते. 'ज्ञानेश्वर' रोमन लिपीत महाराष्ट्रात 'डी'ने सुरू होतो, कर्नाटकात बहुधा 'जे'ने. साउंडेक्स ही नावे जुळवण्याची जुनी पद्धत पहिले अक्षर आहे तसे ठेवते आणि पुढच्या अक्षरांना आकडे देते. त्यामुळे पुढचे आकडे दोन्हीकडे 552 असेच आले तरी माणसे दोन ठरतात. लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव बदलते. मोबाईल नंबर बहुधा नवऱ्याचा किंवा घरात सामाईक. वय 25, 30, 35 असे अंदाजाने लिहिलेले. गावांची नावेही जुनी-नवी मिसळलेली, कारण 'बेळगाव'चे 'बेळगावी' 1 नोव्हेंबर 2014 पासून झाले आणि नोंदी त्याआधीच्याही आहेत. आभाचा (केंद्राच्या डिजिटल आरोग्य ओळखीचा) 14 अंकी क्रमांक उपयोगी आहे, पण तो ऐच्छिक आहे आणि जुन्या कागदांवर नाही.

या जिल्ह्याची कुवत जगाने पाहिलेली आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी कमी होतो का, हे बेळगावच्या ग्रामीण भागात 1620 महिलांवर तपासले गेले. रक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आले आणि तो निष्कर्ष 2006 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. गोळ्या देणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या उपकेंद्रांतल्या नर्सबाई होत्या. त्या अभ्यासासाठी नोंदी मुद्दाम नव्याने घेतल्या होत्या. आज नोंदी रोज तयार होतात, पण त्या वापरायची वाट नाही.

आमची पहिली मागणी जिल्हा पातळीवर एका सुरक्षित डेटा कक्षाची आहे. आतल्या संगणकांना इंटरनेट नसावे, पेनड्राईव्ह चालू नये. बाहेर जावे ते फक्त तपासलेले तक्ते, आणि ज्या रकान्यात पाचपेक्षा कमी रुग्ण असतील तो झाकलेला. छोट्या खेड्यात वय आणि आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. दोन्ही राज्यांच्या नोंदी जुळवण्याचे काम संशोधकाकडे देऊ नका. महाराष्ट्राशी लेखी करार करून ते त्रयस्थ यंत्रणेकडे सोपवा. आभा क्रमांक नुसता हॅश करून, म्हणजे ठरलेल्या सूत्राने सांकेतिक रूपात बदलून, भागणार नाही, कारण 14 अंकांचे सगळे पर्याय संगणक चालवून पाहू शकतो. म्हणून त्या सूत्राला गुप्त किल्लीची जोड हवी, आणि ती संशोधकाच्या हाती कधीच पडू नये.

2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दाखवून अर्ज परत केले जातात. त्याच कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीसाठी सवलत आहे; अट अशी की ठरलेले निकष पाळावेत आणि त्या डेटावरून विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेऊ नये. म्हणजे अभ्यासाला वाट मोकळी आहे, पण तेच मॉडेल वॉर्डात एखाद्या रुग्णासाठी वापरायचे तर ही सवलत पुरत नाही. हा फरक सांगणारे परिपत्रक आपल्या खात्याने काढावे.

दुसरी मागणी नोकरीची, आणि आम्हाला ती जास्त निकडीची वाटते. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीत दरमहा 37,000 रुपये, दोन वर्षांनी 42,000. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीला साधारण सहा वर्षांची मर्यादा. त्यातली निम्मी परवानग्या आणि जुळवाजुळवीत गेली, तर मॉडेल दुसऱ्या रुग्णालयात तपासून पाहायला वेळच उरत नाही. मग एकाच रुग्णालयातला प्रबंध तयार होतो, जो दुसरीकडे टिकेल की नाही कुणालाच ठाऊक नसते. पदवीनंतर प्रकल्पावरचे कंत्राट, तेही संपले की बेंगळुरू किंवा पुणे. नावांचे हे घोळ ज्याला कळतात तो माणूस जिल्ह्याबाहेर जातो. जिल्हा आरोग्य कार्यालयात डेटा भरणारे आहेत, तो वाचणारे कायम पद नाही. असे किमान एक पद मंजूर करा, आणि मराठी व कन्नड दोन्ही वाचता येण्याला भरतीत गुण द्या.

सुरुवातीला निपाणी, चिक्कोडी, खानापूर एवढे तीनच तालुके आणि फक्त प्रसूतीच्या नोंदी घ्या. कोल्हापूर जिल्ह्याशी बोलणी त्यावरच करता येतील. नोंदींचा मसुदा आराखडा आणि नावांच्या पर्यायी स्पेलिंगची यादी आम्ही आपल्या कार्यालयाला विनामूल्य देऊ.

आपले विश्वासू,
सीमाभागातील आरोग्य-डेटा संशोधक आणि मार्गदर्शक