बाबा, ही वही तुमच्यासाठी

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. आई यांस सा. न. वि. वि.

बाबा, फोनवरचं माझं बोलणं तुम्हाला नीट ऐकू येत नाही. ‘हो, हो’ म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून पत्र लिहितेय.

सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला मी आले होते तेव्हाची ती दुपार आठवते का? मी बीथोव्हेन या जर्मन संगीतकाराची एक रचना लावली होती. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो; ही दोन्ही व्हायोलिनचीच मोठी भावंडं, चेलो खर्जातला. आई, तू शेंगाची चटणी कुटत होतीस. मधेच हात थांबवून म्हणालीस, “यमन आहे का गं हा? पण पुढं का जात नाही?” भजनी मंडळात पेटी वाजवून तयार झालेला तुझा कान! त्या रचनेतला तो भाग लिडियन नावाच्या जुन्या स्वररचनेत बांधलाय आणि तिचे स्वर आपल्या कल्याण थाटाचेच. यमनाचं चलन त्यात नाही, पण तो तीव्र मध्यम तू स्वयंपाकघरातून ओळखलास. मला इतका आनंद झाला की तेव्हा बोलताच आलं नाही.

1825 मध्ये बीथोव्हेन पोटाच्या दुखण्याने फार आजारी होता. त्यातून उठल्यावर त्याने हे लिहिलं आणि वर नोंद केली, की बऱ्या झालेल्या माणसाने देवाचे उपकार मानून म्हटलेलं हे गाणं आहे. संथ प्रार्थना तीनदा येते. मधे दोनदा वेगळा भाग येतो. त्यावर त्याने लिहिलंय, ‘नवी ताकद जाणवतेय’, आणि खरंच तिथे सूर अंथरूण सोडून अंगणात येतात. प्रार्थना परतते ती दर वेळी जास्त दाट विणीची होऊन. शेवटची तर मी श्वास धरून ऐकते.

बाबा, हे रचताना त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. त्रास तिशीच्या आतच सुरू झाला होता. 1802 मध्ये त्याने भावांना एक पत्र लिहिलं, पाठवलं मात्र कधीच नाही. त्यात म्हणतो, ‘मोठ्याने बोला, मी बहिरा आहे’ हे लोकांना सांगणं त्याच्याने होत नव्हतं. शेजारच्याला लांबची बासरी ऐकू यायची, त्याला नाही. त्याचं त्याला फार लागायचं. वाचताना मला तुम्ही दिसलात, पंगतीत सगळे हसले की मागून हसणारे.

पुढे त्याने वह्या ठेवल्या. येणारे लिहून विचारत, तो तोंडाने उत्तर देई. शंभराहून जास्त वह्या आजही जपल्यात, पण त्यात बहुतेक समोरच्यांचंच बोलणं. त्याचं हवेत गेलं.

त्या दुपारी चेलो वाजला तेव्हा तुम्ही स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवलात. “हे कळतंय,” म्हणालात. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात कान गेले, पण मागावर हात ठेवून धोट्याची चाल सांगणारा तुमचा हात तसाच आहे. तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढच्या महिन्यात येते, तेव्हा कान तपासायला जाऊ. नाही म्हणू नका. सोबत दोनशे पानी वही पाठवलीय. पहिल्या पानावर मी विचारलंय, पहिल्यांदा मागावर उभे राहिलात तेव्हा कोणती चादर विणली, रंग कोणता होता?

उत्तर तोंडी नको, बाबा. खाली लिहा.

तुमची लेक